संगणकातला एन्झाइम खोटा नव्हे

यंदाच्या गणेशोत्सवात ग्वाल्हेरच्या इंदरगंजातल्या व्याख्यानात एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विज्ञान शिकणाऱ्या मुलांना जाहीर सल्ला दिला, की संगणकावर एन्झाइमच्या अभिक्रिया चालवून बघण्याच्या नादी लागू नका. त्यांच्या मते ते विज्ञान नव्हेच, रंगीत देखावा आहे. संगणकात जे भराल तेच तो परत देतो. १९७६ साली ज्या गणिताने ही विद्या सुरू झाली, त्यातली अभिक्रियाच पुढे चुकीची ठरली. आता तर प्रथिनांचे आकार यंत्र स्वतःच ओळखतं. आणि ज्यांच्याकडे धड प्रयोगशाळा नाही, त्यांनी मनाच्या समाधानासाठी काढलेला हा उद्योग आहे. सभागृहात टाळ्या पडल्या. इथल्या लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांत कोणी ना कोणी सरांच्या हाताखाली रसायनशास्त्र शिकलेलं आहे, त्यामुळे त्यांच्या शब्दाला इथे वजन आहे. त्या वजनाचा परिणाम लगेच दिसला. मुलीचा संगणकावरचा प्रकल्प बदलून द्या म्हणून माझ्या एका विद्यार्थिनीच्या पालकांनी मला गाठलं. प्रकल्प बदलणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. का बदलणार नाही, ते इथे सविस्तर लिहिते आहे. सरांबद्दलचा आदर तसूभरही कमी झालेला नाही. पण हा सल्ला चुकीचा आहे आणि मुलांचं नुकसान करणारा आहे.

सर, आधी प्रश्न काय आहे तो पाहू. कापूस, लाकूड, उसाचं चिपाड, कणकेतला स्टार्च, जीवाणूंच्या अंगावरचं कवच, या सगळ्यांत शर्करेची कडी एकमेकांना जोडलेली असतात. हा जोड विलक्षण चिवट असतो. सेल्युलोजमधले बंध नुसत्या पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला, आपोआप तुटायचे म्हटले तर निम्मे बंध तुटायला सुमारे ५० लाख वर्षं लागतील. रिचर्ड वुल्फेन्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हा आकडा प्रसिद्ध केला. बुरशीतले आणि जीवाणूंतले एन्झाइम तेच काम सेकंदाच्या हिशोबात उरकतात. काही एन्झाइमच्या बाबतीत वेगातला फरक एकावर सतरा शून्यं इतक्या पटींपर्यंत जातो.

आता या ५० लाख वर्षांच्या आकड्याकडे जरा नीट बघा. इतका काळ कोणी वाट बघत बसलेलं नाही. पुष्कळ तापवलेल्या बंद नळ्यांमध्ये वेग मोजले आणि अऱ्हेनियसच्या समीकरणाने ते खोलीच्या तापमानाला उतरवले. म्हणजे ज्याला आपण निखळ प्रयोग म्हणतो, त्याचा शेवटचा आकडाही गणितातूनच आलेला आहे. तो आपण निःशंक स्वीकारतो, कारण त्यामागचे नियम तपासलेले आहेत. संगणकावरच्या सिम्युलेशनचीही मागणी एवढीच आहे: नियम तपासा, मग आकडा स्वीकारा किंवा फेकून द्या.

मोजमाप वेग सांगतं. तो वेग कशामुळे येतो, हे बंध तुटण्याच्या ऐन क्षणी अणू कुठे असतात आणि विद्युतभार कुठे सरकतो त्यावर ठरतं. ती संक्रमण अवस्था, सेकंदाचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भागही टिकत नाही. तिचा स्फटिक होत नाही, ती बाटलीत भरून ठेवता येत नाही. जड हायड्रोजन किंवा जड ऑक्सिजन घालून, तिच्यासारखे दिसणारे रेणू एन्झाइमला चिकटवून, तिच्याविषयी अंदाज बांधता येतो. पण त्या अवस्थेतला प्रत्येक अणू आपापल्या जागी ठेवून त्याची ऊर्जा मोजायची, तर गणिताशिवाय मार्ग नाही. हे काम हौसेने काढलेलं नाही.

सरांचा सर्वांत वजनदार मुद्दा लायसोझाइमचा होता, म्हणून तिथेच थांबून बोलायला हवं.

अश्रूंत, लाळेत, अंड्याच्या पांढऱ्या भागात सापडणारा हा एन्झाइम अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली शोधला. जीवाणूंच्या भित्तिकेतली शर्करांची साखळी तो कापतो. १९६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. अणूंच्या पातळीपर्यंत उलगडलेला तो पहिला एन्झाइम. १२९ अमिनो आम्लांचं प्रथिन, त्याला एक खाच, खाचेत शर्करेची सहा कडी बसतात, आणि चौथ्या-पाचव्या कड्यांमधला बंध तुटतो. त्या जागेच्या दोन बाजूंना दोन आम्लं: ३५ क्रमांकाचं ग्लुटामिक आणि ५२ क्रमांकाचं अस्पार्टिक. फिलिप्स यांनी मॉडेल जुळवून असं मांडलं, की चौथं कडं आपल्या नेहमीच्या खुर्चीच्या आकारात खाचेत मावत नाही, ते चपटं होतं, त्याला ताण बसतो आणि या ताणामुळे बंध सहज तुटतो. तुटल्यावर शर्करेच्या कार्बनवर धनभार येतो आणि ५२ क्रमांकाचं ऋणभारित आम्ल त्याला न चिकटता जवळून सावरून धरतं.

याआधी, १९५३ साली, डॅनियल कॉशलंड यांनी अशा एन्झाइमसाठी वेगळी वाट सुचवली होती. आधी आम्ल स्वतःच शर्करेच्या कार्बनशी सहसंयुज बंधाने जोडलं जातं, मग पाणी येऊन त्याला हटवतं. लायसोझाइमच्या बाबतीत मात्र फिलिप्स यांचीच मांडणी कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांत राहिली. आपण सगळे तीच शिकलो.

१९७६ साली अरिएह वॉर्शेल आणि मायकेल लेविट यांनी ही अभिक्रिया गणितात बसवली. जिथे बंध तुटतात-जुळतात तेवढ्या मोजक्या अणूंना पुंजयांत्रिकी लावायची, आणि बाकीचं प्रथिन व पाणी भारांच्या आणि स्प्रिंगांच्या साध्या नियमांनी हाताळायचं, ही त्यांची युक्ती. हीच युक्ती आज जगभर वापरली जाते, आणि तिच्यासकट या क्षेत्रातल्या पायाभूत कामासाठी २०१३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्या दोघांना आणि मार्टिन कारप्लस यांना मिळालं. २००१ साली स्टीफन विदर्स, गिडिऑन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की लायसोझाइम कॉशलंड यांच्या वाटेने जातो, मध्ये सहसंयुज बंध असलेला टप्पा असतो. सर म्हणतात, बघा, नोबेल मिळालेलं गणितच चुकीच्या अभिक्रियेचं होतं.

या युक्तिवादाच्या मुळाशीच गफलत आहे. धनभारित मधली अवस्था ही वाट संगणकाने सुचवलेली नव्हती. ती स्फटिकाच्या प्रयोगातून आणि हातांनी जुळवलेल्या मॉडेलमधून आली होती, आणि प्रयोगशाळांत आयुष्य घालवलेल्या रसायनशास्त्रज्ञांनी ती मान्य केली होती. वॉर्शेल-लेविट यांनी त्या काळची सर्वमान्य वाट तपासायला घेतली. तपासल्यावर काय निघालं? ताणाचा वाटा किरकोळ निघाला. प्रथिन इतकं लवचीक असतं, की ते कड्याला फार पिळून धरू शकत नाही. धरायला गेलं तर स्वतःच सैल होतं. खरं काम करतात ते विद्युतभार: धनभार जिथे तयार होतो, तिथे आधीच नेमका ठेवलेला ऋणभार. म्हणजे फिलिप्स यांच्या मांडणीचा जो गाभा होता, तोच गणिताने उलटवला. संगणकात भरलं होतं ताणाचं गृहीतक, आणि बाहेर आलं ताणाच्या विरुद्धचं उत्तर. आत भराल तेच बाहेर येतं, हा आक्षेप १९७६ सालच्या त्या निबंधापाशीच कोसळतो. आणि भारांच्या मांडणीचा तो निष्कर्ष २००१ नंतरही उभा आहे. एन्झाइमच्या उत्प्रेरणाविषयी आज जे बोललं जातं, त्याच्या मध्यभागी आहे.

आता २००१ चा प्रयोग बघू. तो अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण तो शक्य कसा झाला? नैसर्गिक शर्करेत तो मधला टप्पा तयार होण्याआधीच संपतो म्हणावं, इतक्या झपाट्याने निघून जातो. तो साठत नाही, म्हणून दिसत नाही. त्यामुळे संशोधकांनी शर्करेवर फ्लोरिन बसवून अभिक्रिया मंदावली, आणि एन्झाइममधलं ३५ क्रमांकाचं आम्लही बदललं. मग तो टप्पा अडकला आणि पकडता आला. आता कोणीही चिकित्सक माणूस विचारेल: बदललेल्या एन्झाइमने बदललेल्या शर्करेवर जे केलं, तेच मूळ एन्झाइम मूळ शर्करेवर करतो कशावरून? या प्रश्नाचं थेट उत्तर त्या प्रयोगाच्या हाती नव्हतं. २००८ साली ब्रिस्टलच्या एड्रियन मलहॉलंड यांच्या गटाने न बदललेला लायसोझाइम आणि त्याची नैसर्गिक शर्करा घेऊन सिम्युलेशन केलं, आणि तिथेही सहसंयुज टप्पाच निघाला. प्रयोगाने जी जागा रिकामी ठेवली होती, ती गणिताने भरली. सरांनी लायसोझाइमची गोष्ट २००१ पाशी थांबवली, म्हणून तिचा अर्थ उलटा लागला.

अचूकतेविषयी मात्र सरांच्या शंकेला आधार आहे, आणि तो लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. खोलीच्या तापमानाला ऊर्जेच्या अडथळ्यात १.४ किलोकॅलरीचा फरक पडला, की वेग दसपट बदलतो. आजच्या चांगल्या पद्धतींतही दोन-तीन किलोकॅलरींची चूक सहज राहते. म्हणजे ‘हा एन्झाइम सेकंदाला नेमके इतके बंध तोडेल’ असं कोणी नुसत्या गणितावरून सांगू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण वाट कोणती, हा प्रश्न वेगळा आहे. दोन वाटांमध्ये दहा-बारा किलोकॅलरींचं अंतर असेल, तर तीन किलोकॅलरींच्या चुकीने निकाल फिरत नाही. कोणत्या प्रश्नाला किती चूक चालते, हे ज्याला कळतं त्याच्या हातात हे साधन द्यावं. प्रत्येक उपकरणाला हाच नियम लागतो, आणि तोच सरांनी आम्हाला ब्युरेट हातात देताना शिकवला.

आणखी एक अडचण वेळेची. अणूंची हालचाल नीट पकडायची तर गणित फेम्टोसेकंदाच्या पावलाने पुढे न्यावं लागतं, आणि एका सेकंदात अशी एकावर पंधरा शून्यं इतकी पावलं असतात. यंत्राने दर सेकंदाला हजार पावलं टाकली, तरी एन्झाइमच्या आयुष्यातला एक सेकंद गाठायला सुमारे ३१,७०० वर्षं लागतील. लायसोझाइम तर संथ एन्झाइम आहे. पडद्यासमोर बसून बंध तुटण्याची वाट बघणं अशक्यच. म्हणून १९७७ साली टोरी आणि व्हॅलो यांनी, आणि २००२ साली लायो आणि पारिनेल्लो यांनी, रेणूला एरवी चढता न येणाऱ्या अडथळ्यावर हिशोबाने चढवायच्या पद्धती दिल्या. मदत किती केली ते अचूक नोंदवायचं आणि शेवटी वजा करायचं. या पद्धतींनीच बार्सिलोनाच्या कार्मे रोविरा यांच्या गटाने २००७ साली एकट्या ग्लुकोजच्या कड्याच्या सगळ्या आकारांचा ऊर्जानकाशा काढला. एन्झाइमच्या स्फटिकांत जे वाकडे आकार सापडतात, तेच आकार त्या नकाशात शर्करेला अभिक्रियेसाठी सर्वांत अनुकूल ठरले. म्हणजे कडं वाकतं हे फिलिप्स यांचं निरीक्षण खरं होतं. ते का वाकतं आणि त्याची किंमत काय, हे मात्र गणिताने सांगितलं. २०१२ साली मॅनोज शर्करा कापणाऱ्या एका एन्झाइमवर डेव्हिस यांच्या गटाचे स्फटिक आणि रोविरा यांचं गणित एकाच निबंधात शेजारी शेजारी आले. भांडण कुठे आहे?

गणिताला विज्ञानाच्या दाराबाहेर उभं करताना सर आपल्याच देशातला सर्वांत मोठा दाखला विसरले. १९६३ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर एक नकाशा काढला: प्रथिनाच्या कण्यातले दोन कोन कोणते असू शकतात, कोणते असूच शकत नाहीत. त्यात शुद्ध भूमिती आणि अणूंच्या आकारांचा हिशोब आहे. आज जगात कुठल्याही प्रयोगशाळेने प्रथिनाची रचना काढली, तर ती आधी या नकाशावर तपासली जाते. कोन नको त्या जागी पडले, तर प्रयोगवाल्यांना पुन्हा आपल्या क्ष-किरणांच्या नोंदींकडे जावं लागतं. गणित प्रयोगाची परीक्षा घेतं, हे साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याच पंथातले व्ही. एस. आर. राव यांनी बंगळुरूला ही रीत शर्करांच्या साखळ्यांना लावली. स्टार्चमधल्या अमायलोजच्या वळणांचा हिशोब १९६७ सालचा आहे. राव यांच्याबरोबर कर्बोदकांच्या रचनांवर ग्रंथ लिहिणारे पी. व्ही. बालाजी पुढे पवईच्या आयआयटीत शर्करा आणि प्रथिनांच्या संबंधांवर काम करत राहिले.

आणि पुणं? श्रीधर गद्रे यांनी पुणे विद्यापीठात रेणूंभोवतीच्या विद्युतविभवाचं जे काम उभं केलं, ते जगाने डोक्यावर घेतलं. मोठ्या रेणूंचं पुंजयांत्रिकी गणित त्या काळच्या यंत्रांना झेपत नव्हतं. म्हणून १९९४ साली गद्रे, शिरसाट आणि लिमये यांनी शिंप्याच्या कामाचं नाव असलेली पद्धत मांडली: मोठा रेणू एकमेकांवर थोडे चढणाऱ्या तुकड्यांत बेतायचा, प्रत्येक तुकड्याचं गणित वेगळं करायचं आणि मग ते सगळं पुन्हा शिवून अखंड रेणूचं उत्तर काढायचं. साधनं तोकडी होती म्हणून या माणसांनी काम सोडलं नाही. तोकड्या साधनांत बसेल असं नवं गणित शोधलं. याच पुण्यात १९८८ साली सी-डॅक उभं राहिलं आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा नाही त्यांचा हा उद्योग, असं म्हणताना सरांनी या नावांची तरी आठवण ठेवायला हवी होती.

सरांनी व्याख्यानात कमला सोहोनी यांचं नाव घेतलं, ते मात्र मला फार आवडलं. इंदूरला जन्मलेल्या, आपल्या माळव्यातल्या कमलाबाईंनी नकार पचवून बंगळुरूत प्रवेश मिळवला, केंब्रिजला वनस्पतींतल्या सायटोक्रोम सी वर काम करून १९३९ साली पीएच.डी. घेतली आणि पुढे नीरेवर संशोधन केलं. पण त्यांच्या आयुष्यातून ‘यंत्रापासून दूर राहा’ हा धडा काढायचा, हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांनी त्यांच्या काळात हाती येईल ते सर्वांत धारदार साधन वापरलं. आज इंदूरच्या किंवा ग्वाल्हेरच्या मुलीला तसं साधन फुकट मिळतं: ग्रोमॅक्स हा प्रोग्रॅम विनामूल्य आहे, सीपीटूके विनामूल्य आहे, प्रथिनांच्या रचना जगासाठी खुल्या आहेत. खेळांसाठी विकत घेतलेल्या ग्राफिक्स कार्डवर पाण्यात बुडवलेल्या लायसोझाइमची साधी हालचाल दिवसाला शेकडो नॅनोसेकंद पुढे जाते. तिला आपण ‘हे खरं विज्ञान नव्हे’ म्हणून थांबवायचं?

ज्या मुलीच्या प्रकल्पावरून हे सगळं सुरू झालं, तिचं काम जवळून सांगते. तिने लायसोझाइम घेतला, खाचेत शर्करेची साखळी बसवली, पाणी भरलं आणि गणित चालू केलं. साखळी बसेना. चौथं कडं सरकायचं, बंध ३५ क्रमांकाच्या आम्लापासून लांब जायचा. तीन वेळा सगळं पुन्हा मांडलं, तरी तेच. मग तिच्या लक्षात आलं: प्रोग्रॅम आपल्या सवयीने प्रत्येक ग्लुटामिक आम्लातून प्रोटॉन काढून टाकतो, कारण साध्या पाण्यात सात पीएचला ते तसंच असतं. इथे ३५ क्रमांकाच्या आम्लानेच तर शर्करेला प्रोटॉन द्यायचा असतो. तोच नसेल तर अभिक्रिया होणार कशी, आणि दोन ऋणभार समोरासमोर आल्यावर शर्करा तिथे थांबणार कशाला? साध्या ग्लुटामिक आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा, सव्वाचारच्या आसपास असतो, लायसोझाइममधल्या या ३५ क्रमांकाचा ६.२. कारण भोवती तेलकट स्वभावाची अमिनो आम्लं आहेत आणि समोर ५२ चा ऋणभार. तिने प्रोटॉन हाताने परत बसवला. कडं जागेवर राहिलं. त्यानंतर ती कड्याच्या आकाराचा एक कोन दर क्षणाला टिपते आहे: शून्य अंश म्हणजे नेहमीची खुर्ची, नव्वद म्हणजे होडीसारखे वाकलेले आकार, एकशे ऐंशी म्हणजे उलटी खुर्ची. हे सगळं करताना ती जेवढं आम्ल-आम्लारी रसायन शिकली, तेवढं पाठांतराच्या वर्गात शिकली नसती. देखाव्याने तिला अडवलं नसतं; या गणिताने अडवलं.

सरांचा राग ज्यावर असायला हवा, त्यावर माझाही आहे, आणि तो मी इथे स्पष्ट लिहिते. आपल्याकडे डॉकिंगच्या नावाखाली प्रबंधांचे ढीग पडताहेत. जांभळाच्या बिया घ्यायच्या, गुळवेल घ्यायची, मेथी घ्यायची, त्यांतल्या संयुगांची यादी काढायची, प्रत्येक संयुग अल्फा-ग्लुकोसिडेजच्या खाचेत टाकायचं, बटण दाबायचं, गुणांचा तक्ता छापायचा आणि मधुमेहावर औषध सापडल्याचं जाहीर करायचं. त्यात एन्झाइम बहुधा ताठ धरलेला असतो, पाण्याचा हिशोब वरवरचा असतो, बंध तुटण्याचा तर विषयच नसतो. नळीत घालून कोणी तपासत नाही. हे बंद झालं पाहिजे. ज्या मार्गदर्शकांनी अशा तक्त्यांवर सह्या केल्या, त्यांना जाब विचारला पाहिजे. पण हा दोष अभिक्रियेचं सिम्युलेशन करणाऱ्यांच्या गळ्यात बांधणं म्हणजे भोंदू वैद्यामुळे शस्त्रक्रियेवर बंदी घालण्यासारखं आहे. डॉकिंगचा गुण रेणू चिकटेल का याचा ढोबळ अंदाज देतो. उत्प्रेरणाविषयी तो एक अक्षरही सांगत नाही. हा फरक व्याख्यानात सांगितला गेला असता, तर मुलांचं भलं झालं असतं.

प्रथिनांचे आकार ओळखणाऱ्या यंत्राविषयी, म्हणजे अल्फाफोल्ड या प्रोग्रॅमविषयी, थोडक्यात. २०२० साली त्याने प्रथिनांच्या आकाराचा जुना प्रश्न बराचसा सोडवला आणि २०२४ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. आकार कळला म्हणजे अभिक्रिया कळली असं असतं, तर १९६५ साली लायसोझाइमचा आकार मिळाल्यावर पुढची ३६ वर्षं वाद झाला नसता. उलट आता आकार मुबलक झाले, म्हणून अभिक्रियेच्या गणिताची गरज वाढली.

उपयोगाचं विचाराल तर पुण्याकडे बघा. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, आणि घराघरांत ऑसेल्टामिविर या औषधाचं नाव पोचलं. फ्लूचा विषाणू पेशीतून सुटताना न्युरामिनिडेज नावाचा एन्झाइम वापरतो. तो पेशीवरची सियालिक आम्ल ही शर्करा कापतो. ऑसेल्टामिविर आणि त्याचं भावंड झानामिविर, दोन्ही या एन्झाइमच्या खाचेत, संक्रमण अवस्थेतल्या चपट्या शर्करेच्या रूपात, जाऊन बसतात. यांतलं झानामिविर कसं घडलं? पीटर कॉलमन यांच्या गटाने एन्झाइमची रचना १९८३ साली दिली होती. मार्क फॉन इत्सस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ग्रिड या संगणकीय प्रोग्रॅमने त्या खाचेत कुठे कोणता भार आवडेल ते मोजलं. चौथ्या स्थानावरच्या साध्या हायड्रॉक्सिल गटाच्या जागी धनभारित गट बसवावा, असं उत्तर आलं. रेणू तयार केला, तपासला, आणि पकड हजारो पटींनी वाढलेली निघाली. १९९३ साली ते प्रसिद्ध झालं, १९९९ पर्यंत औषध बाजारात आलं. हे गणित अभिक्रियेच्या पूर्ण सिम्युलेशनपेक्षा पुष्कळ साधं होतं. तरी एवढं करून गेलं.

महाराष्ट्रातल्या साखरपट्ट्यात तर हा प्रश्न दर हंगामाला दारात उभा असतो. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस उन्हात पडून राहिला, की कापलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक हा जीवाणू शिरतो आणि आपल्या एन्झाइमने साखरेपासून डेक्स्ट्रान बनवतो. रस चिकट होतो, गाळणी अडते, साखरेचे दाणे लांबट पडतात, उतारा घटतो. उपाय म्हणून डेक्स्ट्रानेज घालतात, पण ते विकत आणावं लागतं आणि कढत रसात लवकर निकामी होतं. उष्णतेत टिकणारा आणि तरीही काम करणारा डेक्स्ट्रानेज हवा, तर त्याच्या खाचेत शर्करेचं कडं कसं वाकतं आणि कोणता भार कुठे हवा, हे कळलंच पाहिजे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या आणि पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या दारात हा विषय आहे. चिपाडापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतही एन्झाइमचा खर्च हीच मोठी अडचण आहे. चाचणीनळीत हजार बदल आंधळेपणाने करून बघायचे, की आधी गणिताने पन्नास निवडायचे? साधनं कमी असलेल्या प्रयोगशाळेनेच दुसरा मार्ग घ्यायला हवा, कारण चुकीच्या बदलांवर घालवायला तिच्याकडे पैसा नाही.

हातांचं कौशल्य जाईल ही सरांची भीती खरी आहे आणि तीवर उपाय सरांच्याच हातात आहे. माझ्या विद्यार्थिनीने लायसोझाइमच्या दोन्ही आम्लांचे पीकेए गणिताने काढायला घेतले आहेत. ५२ क्रमांकाने प्रोटॉन सोडलेला हवा आणि ३५ क्रमांकाने धरून ठेवलेला हवा, म्हणजे एन्झाइमचं काम एका मर्यादित पीएचमध्येच जोरात चालेल. तिच्या आकड्यांवरून वेगाचा आलेख कसा येईल, हे ती आधी कागदावर काढून सरांकडे देईल. मग अंड्याच्या पांढऱ्या भागातून वेगळा केलेला लायसोझाइम घ्यावा. अख्ख्या जीवाणूंवर प्रयोग करू नये. पेशीवरचे भार आणि द्रावणातलं मीठ यांनी शिखर सरकतं. त्याऐवजी ग्लायकॉल कायटिन घ्यावं, आणि तुटलेल्या साखळ्यांची टोकं पोटॅशियम फेरीसायनाइडचा पिवळा रंग किती फिका पडतो त्यावरून मोजावीत. बफर सरांनी बनवावेत, नळ्या सरांनीच भराव्यात. आलेखाचं शिखर तिने लिहिलेल्या जागी आलं नाही, तर गणितात कोणत्या भाराची किंमत चुकली, हे शोधायला ती त्याच संध्याकाळी बसेल, आणि त्या शोधात तिला सरांची गरज लागेल.